आधी थकलेले शॉकअप बदला, मग स्प्रिंगांचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखकांची गाडी आठ वर्षांची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे, ९०,००० किलोमीटर झालेली. रोज कामावर जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. रस्ता अर्धा बरा, अर्धा खड्ड्यांचा. गेल्या वर्षापासून वर्षातले तीन-चार दिवस ते गाडी ट्रॅकवर नेतात. तिथं वळणात गाडी फार कलते, स्टिअरिंग वळवूनही पुढची चाकं बाहेरच ढकलली जातात आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा खरवडून निघतात. सोबतच्या मित्रानं कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, बसवले आहेत. त्याची गाडी ‘जमिनीला चिकटून’ जाते आणि दर फेरीला यांच्यापुढं निघते. आता यांनीही पैसे साठवले आहेत. पूर्ण कॉइलओव्हर किट, गाडी ४० मिलिमीटर खाली, पुढं-मागं जाड अँटी-रोल बार (गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या दांड्या) आणि सगळे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) कडक पॉलियुरेथेनचे, असा बेत आहे. अडचण घरात आहे. पत्नीला मणक्याचा त्रास आहे. मित्राच्या गाडीतून एकदा जाऊन आल्यावर त्या म्हणाल्या, “आपली गाडी अशी होणार असेल तर मी बसणार नाही.” पत्रलेखक विचारतात: दोन्हीकडं चालेल असं किट कोणतं? की ट्रॅकचा नाद सोडून देऊ?

उत्तर:

नाद सोडू नका. आपली गाडी वळणात काय करते हे ज्याला इतकं बारीक दिसतं, दिवस संपल्यावर जो टायरच्या कडा हात फिरवून बघतो, त्यानं हा छंद सोडण्याचं काही कारण नाही. किटचं नाव मात्र मी सांगणार नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि एक गोष्ट त्यात कुठंच सापडली नाही: गाडीचे शॉकअप शेवटचे कधी बदलले? उल्लेख नाही, म्हणून ते कंपनीतून आले तेच आहेत असं धरून लिहितो.

तसं असेल तर तुम्ही आज जी गाडी चालवताय ती कंपनीनं बनवलेली गाडी नाही. शॉकअप एका दिवसात मरत नाही. आतलं तेल पातळ होत जातं, सील आणि झडपा झिजतात, आणि हे इतकं हळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. रोज आरशात बघणाऱ्याला आपले केस पिकताना दिसत नाहीत तसंच. म्हणून तुलना करताय ती मित्राच्या नव्याकोऱ्या किटची आणि तुमच्या ९०,००० किलोमीटर खड्डे खाल्लेल्या शॉकअपची. त्यातला किती फरक कॉइलओव्हरचा आणि किती नुसत्या नवेपणाचा, हे आज तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही.

आधी तपासा. चाक वळवून आत टॉर्च मारा आणि शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा आहे का बघा. टायरच्या नक्षीवरून तळहात गोल फिरवा. ठराविक अंतरावर उंच-सखल खळगे लागले तर चाक रस्त्यावर थडथडत चाललंय असं समजा. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन शांत बसते की दोन-तीन वेळा डुलते, ते बघा. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी सगळे सांगतात, पण तिच्यात फक्त पार मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला नाही. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशांना चिरा आहेत का, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट या सांध्यांत ढिलेपणा आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडं येतो. गाडी कलते म्हणून ग्रिप सुटते, असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक सगळेच असं धरतात, कारण कलणं डोळ्याला दिसतं. पण कलणं आणि वजन सरकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हिशेब करून बघू. गाडी १२०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १५०० मिलिमीटर. वळणात गाडीच्या वजनाइतकाच आडवा जोर आला असं समजा; चांगले रोडचे टायर साधारण तिथवरच पोचतात. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर वजन सरकतं ४०० किलो. म्हणजे सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ६००-६०० होते, तिथं बाहेर १००० आणि आत २०० उरले. या हिशेबात स्प्रिंग कुठंच आली नाही, हे लक्षात घ्या. स्प्रिंग दुप्पट कडक करा, गाडी निम्मीच कलेल. वजन तरीही ४०० किलोच सरकेल. ते कमी होतं गाडी रुंद केली तर, हलकी केली तर किंवा गुरुत्वमध्य खाली आणला तर. तुम्ही ४० मिलिमीटर खाली आणणार आहात, म्हणजे ४०० च्या जागी ३६८. एवढी सगळी उलथापालथ करून पदरात पडले ३२ किलो.

मग कलल्यानं काहीच बिघडत नाही का? बिघडतं, आणि तेच तुमच्या टायरवर लिहिलेलं आहे. बहुतेक हॅचबॅकसारखं तुमच्याही गाडीत पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब, असणार. गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं. सगळा भार त्याच चाकावर, आणि ते उभं आहे आपल्या बाहेरच्या कडेवर. चप्पल टाचेच्या एका बाजूला झिजावी तशी ती कड झिजते. यावरचा सरळ उपाय म्हणजे चाक आधीच थोडं आत झुकवून ठेवायचं, ज्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. म्हणजे गाडी कलली की ते उभं राहतं. रोडच्या गाड्यांना कारखान्यातून हा कॅम्बर शून्याच्या आसपास किंवा फार तर उणे एक अंश असतो. तो उणे दीड ते दोनपर्यंत नेला की पुढची पकड लगेच वाढलेली जाणवते. अनेक गाड्यांत हे काम कॅम्बर बोल्टच्या एका जोडीनं होतं: स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या मूळ बोल्टच्या जागी एक विलक्षी, म्हणजे फिरवला की चाकाचा कोन बदलणारा बोल्ट, बस्स. रोजच्या आरामावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. तुमच्या तक्रारीतला मोठा भाग इथंच सुटेल असं मला मनापासून वाटतं.

दोन अंश आत झुकवलं तर रोजच्या वापरात आतली कड झिजेल, अशी भीती घालणारे भेटतील. थोडी झिजेल, हे खरं. पण टायर खरा खातो तो टो. चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असतील तर टायर प्रत्येक मीटरला आडवा घासत जातो. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून कॅम्बर बोल्ट बसवून अलाइनमेंट न करता घरी येणं हा आपल्याच टायरवर अन्याय आहे. पुढचा टो शून्याच्या जवळ ठेवायला सांगा, अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

कॅम्बरइतकंच महत्त्व हवेला आहे, आणि ट्रॅकवर याकडं कोणी बघत नाही. सकाळी थंड टायरमध्ये भरलेली हवा चार-पाच फेऱ्यांत तापून बरीच वर जाते. पुढच्या वेळी एक खडू बरोबर न्या. टायरच्या कडेवर, नक्षी जिथं संपते आणि बाजूची भिंत सुरू होते, तिथं तीन ठिकाणी आडव्या रेघा मारा. बऱ्याच टायरांवर त्याच जागी एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेऱ्या मारून आत आलात की इंजिन बंद करायच्या आधी खाली उतरून रेघ कुठवर पुसली गेली ते बघा. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली असेल तर ठीक. त्याच्याही खाली, भिंतीवर उतरली असेल तर टायर मुडपतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बरीच वर थांबली असेल तर हवा जास्त आहे. लगेच, गरम असतानाच दाब मोजा आणि वहीत लिहा. गरम टायरमधून हवा सोडली असेल तर घरी निघण्याआधी टायर निवल्यावर ती पुन्हा भरा. हे विसरून कमी हवेवर महामार्गाला लागणं धोक्याचं आहे.

गाडी खाली करण्याबद्दल आणखी बोलायला हवं, कारण तुमच्या बेतातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. गाडीखाली वाकून लोअर आर्म बघा. चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं खाली असतं. हा उतार मुद्दाम ठेवलेला आहे. वळणात बाहेरचं चाक वर दबतं, तेव्हा आर्मचं टोक वर येताना थोडं बाहेरही सरकतं आणि चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलून कॅम्बर सांभाळतं. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली की आर्म आडवा होतो, कदाचित उलटा चढतो. मग दबताना कॅम्बर सांभाळण्याऐवजी तो घालवायला लागतो. शिवाय ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलायला जास्त लांब तरफ मिळते. खाली केलेल्या गाडीला कडक स्प्रिंग लागते ती बरेचदा एवढ्याचसाठी, स्वतःच वाढवलेलं कलणं परत आवरायला.

आणि प्रवास संपतो. समजा पुढं बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे सस्पेन्शन दबत जाऊन शेवटी ज्या रबरी ठोकळ्यावर टेकतं तिथवर, ७० मिलिमीटर जागा होती. ४० तुम्ही आधीच खर्च केले, राहिले ३०. बंप स्टॉपवर गाडी टेकली की सस्पेन्शन क्षणात कितीतरी पट कडक होतं. काही वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीला असेच कापीव, आखूड स्प्रिंग लावले, शॉकअप जुनेच ठेवून. बसवणाऱ्यानं सांगितलं, चालतंय. ट्रॅकवरच्या एका लांब उजव्या वळणात मध्येच रस्ता किंचित खोल होता. तोवर गाडी छान धरून होती. त्या खोलात पुढचं डावं चाक बंप स्टॉपवर बसलं, एक ‘ठक्’ आवाज आला आणि पुढची पकड अशी गेली की जणू बर्फावर आलो. स्टिअरिंग हातात हलकं झालं, गाडी सरळ गवतात. कोणाला लागलं नाही. पण ती ‘ठक्’ मला अजून ऐकू येते, आणि कोणी ‘अजून थोडी खाली घेऊ का’ विचारलं की मी त्याला आधी बंप स्टॉप दाखवायला घेऊन जातो.

म्हणून रोज वापरायच्या गाडीला माझी मर्यादा आहे १५ ते २० मिलिमीटर. त्याखाली जायचं तर आर्मचे कोन दुरुस्त करणारे बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या रॉडची उंची, सगळंच बदलावं लागतं, आणि मग ती रोजची गाडी राहत नाही.

आता कडकपणा, आणि तुमच्या पत्नीचं म्हणणं. ते मी फार गांभीर्यानं घेतो. त्यांचं बोलणं हट्ट नाही, ते मोजमाप आहे, आणि एकाच फेरीत त्यांनी ते अचूक केलं.

प्रत्येक गाडीचा वर-खाली डुलण्याचा एक स्वाभाविक ठेका असतो. एका कोपऱ्यावर ३०० किलो वजन आणि चाकाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन असेल, तर गाडी सेकंदाला साधारण १.३ वेळा डुलेल. घरगुती गाड्या याच्याच आसपास असतात. कडकपणा ३० केला की १.६. चाळीस केला की १.८ च्या थोडं वर. साठ केला की सव्वादोन. तिप्पट कडक स्प्रिंग लावूनही ठेका तिप्पट होत नाही, कारण तो कडकपणाच्या वर्गमुळानं वाढतो. पण माणसाला दीड आणि सव्वादोन यांतला फरक दोन मिनिटांत कळतो. पहिली चपळ गाडी वाटते, दुसऱ्या गाडीत प्रवासी गप्प होतात. मित्राचं किट ट्रॅकसाठीचं असेल तर ते दोनच्या पुढं असण्याची दाट शक्यता आहे.

पण दुखऱ्या मणक्याला नुसता ठेका जाचत नाही. बसलेल्या माणसाला उभे हादरे सगळ्यात जास्त लागतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळांच्या पट्ट्यात. बंप स्टॉपवर आपटणारी गाडी, आणि खड्ड्यातला झटका गिळता न येणारा शॉकअप, कंबरेला असलेच तीक्ष्ण हादरे देतात. मेलेले शॉकअपही देतात. त्यामुळं ‘मऊ म्हणजे आराम, कडक म्हणजे त्रास’ हे समीकरण धरून बसू नका. थोडी घट्ट पण नीट आवरलेली गाडी तुमच्या आजच्या गाडीपेक्षा त्यांना जास्त सुखाची वाटू शकते. शॉकअप बदलायच्या आधी आणि नंतर त्यांना एकाच रस्त्यावरून, त्याच वेगानं घेऊन जा, मध्ये काहीही समजावून सांगू नका आणि मग विचारा. त्यांचा निकाल अंतिम माना.

याच कारणासाठी चार कोपऱ्यांत वाटेल ते मिसळू नका. १९३० च्या दशकात मॉरिस ओली या अभियंत्यानं जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं होतं की मागचा ठेका पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवला तर उंचवटा ओलांडल्यावर पुढचं आणि मागचं डुलणं एकमेकांना गाठतं आणि गाडी सपाट बसते. नाहीतर ती घोड्यासारखी पुढं-मागं झुलत राहते. जबाबदार कंपन्या आपले स्प्रिंग हे धरून ठरवतात. आपण पुढं एकाचे, मागं दुसऱ्याचे लावले की ते गणित मोडतं.

तर मग काय घ्यायचं? मी तुमच्या जागी असतो तर स्प्रिंग कंपनीचेच ठेवून चांगल्या दर्जाचे, थोडे घट्ट शॉकअप चारही कोपऱ्यांत घेतले असते. तीन-चार दिवस ट्रॅक आणि उरलेले तीनशे साठ दिवस खड्डे, कंबरदुखी, ऑफिस. हा तराजू स्पष्ट झुकलेला आहे. वळणात शिरताना गाडी किती कलते हे स्प्रिंग आणि बार ठरवतात, पण किती झटकन कलते आणि दिशा बदलताना सैरभैर होते की नाही, हे शॉकअप ठरवतात. तुम्हाला जी ‘चिकटून जाणारी’ जाणीव हवी आहे ती बरीचशी यातूनच येते. स्प्रिंग बदलायचेच असतील तर कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा २० ते ३० टक्के कडक, शॉकअप बनवणाऱ्यानंच जोडीला शिफारस केलेले घ्या. त्यासाठी स्ट्रट पुन्हा उघडावा लागेल, ती मजुरी मात्र धरून ठेवा.

मोनोट्यूब की ट्विन-ट्यूब, म्हणजे एका नळीचा शॉकअप की नळीत नळी असलेला, हा वाद ऐकाल. शॉकअपचं काम म्हणजे हालचालीची उष्णता करणं. ट्रॅकवर ती सतत होते, तेल आणि वायू एकत्र असलेल्या ट्विन-ट्यूबमध्ये तेलाला फेस येऊ शकतो आणि शॉकअप ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये वायू एका तरंगत्या पिस्टननं वेगळा ठेवलेला असतो, आणि नळी थेट हवेत असल्यानं ती लवकर निवते. पण चांगला ट्विन-ट्यूब हा स्वस्त मोनोट्यूबपेक्षा कधीही बरा. वीस मिनिटांच्या फेऱ्यांना तुमच्या वजनाच्या गाडीत दोन्ही चालतील.

फिरवायचं बटण असेल तर ते ३२ पायऱ्यांचं आहे यावर भुलू नका. एकच बटण असलेले बहुतेक शॉकअप मुख्यतः परतीची हालचाल बदलतात, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती हळू उघडावी ते. ती फार आवळली तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू बसत जाते. पूर्ण बंद करून तिथून मोजत उघडा, आकडा लिहून ठेवा, मधल्यापेक्षा जरा मऊ बाजूनं सुरुवात करा, एका वेळी दोनच पायऱ्या बदला.

कॉइलओव्हर वाईट असतात असं मी म्हणत नाही. वर्षाला दहा-बारा दिवस ट्रॅकवर जायला लागलात, चारही कोपऱ्यांचं वजन तराजूवर घालून उंची जुळवायची तयारी असली, तर त्यांच्यासारखं साधन नाही. पण एका कोपऱ्याची उंची दोन आटे फिरवली की तिरक्या समोरासमोरच्या चाकांवरचा भार बदलतो, आणि हे न मोजता केलं तर गाडी डावीकडं एक आणि उजवीकडं दुसरीच वागते. चिखलपाण्यात आटे गंजतात, मग ती बदलती उंची बदलतच नाही. एवढे दिवस ट्रॅकवर जायला लागलात तर मी तुम्हाला वेगळी, जुनी, हलकी गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवायचा सल्ला देईन, आणि घरची गाडी घरच्यांची राहू दे.

जाड बार दोन्हीकडं नको. टायरवर भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून एका जोडीत जितकी विषमता जास्त तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. मागचा बार जाड केला की ते सरकणारं ४०० किलो वजन मागच्या जोडीवर जास्त सरकतं आणि पुढच्या दोन चाकांना थोडं समान वाटून मिळतं. पुढं ढकलणाऱ्या गाडीला म्हणूनच मागचा बार उपयोगी पडतो. पुढचा जाड केलात तर बहुतेकदा उलटंच होईल. पण मागचाही सगळ्यात शेवटी, आणि एकच पायरी जाड. ओल्या रस्त्यावर, वळणात घाबरून पाय एकदम ॲक्सिलरेटरवरून काढला, तर फार कडक मागची बाजू बाहेर फेकली जाते, आणि त्या दिवशी गाडी तुमची पत्नी चालवत असेल हेही लक्षात ठेवा.

पॉलियुरेथेनचे बुश सगळीकडं लावू नका. मूळ रबरी बुश आर्मबरोबर पिळला जातो, तेच त्याचं काम; कडक पॉलियुरेथेन तसं पिळलं जात नाही. नवे रबरी लावा. आणि हे बुश बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना बुशचे बोल्ट फक्त हातानं लावायचे. शेवटचा पाना गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच मारायचा. बुशची आतली नळी बोल्टनं जखडली जाते आणि रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आली की रबर जन्मभर पिळलेलंच राहतं, गाडी थोडी उंच आणि आखडलेली वाटते, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. मग दोष नव्या शॉकअपच्या माथी जातो. मेकॅनिकला हे आधीच, आदरानं विचारा: “बुश कुठल्या उंचीवर आवळता?” उत्तरावरून त्याचं काम कळेल. स्ट्रटची वरची माउंटिंग, तिचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर नवं टाका. स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडायचं काम घरी करू नका. त्या दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो.

साठवलेल्या पैशातला पहिला वाटा मात्र ब्रेकचा. तुम्ही ब्रेकबद्दल एक ओळही लिहिली नाही. डॉट ४ चं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळायला हवं. हवेतली ओल शोषलेल्याला हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. ट्रॅकवर हे तापमान सहज गाठलं जातं, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. कललेली गाडी परवडते, हे परवडत नाही. ताजं ऑइल आणि उष्णता सोसणारे पॅड सस्पेन्शनच्या आधी.

आणि मित्र पुढं जातो तो किटमुळंच का, हेही एकदा तपासा. पुढच्या ट्रॅक दिवशी तिथल्या प्रशिक्षकाला तुमच्या गाडीत, आज आहे त्याच सस्पेन्शनवर, चार फेऱ्या मारू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. वळणाच्या तोंडाशी वेग जास्त आणि मग स्टिअरिंगही जास्त, ही सवय असेल तर कोणत्याही गाडीची पुढची चाकं ढकलली जातील. तुम्ही ब्रेक कुठं सोडता आणि ते कुठं सोडतात, एवढंच बघा.

विमा कंपनीला बदलांबद्दल लेखी कळवा. ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक विम्यांत धरत नाहीत, तेही विचारून घ्या. आपल्याकडचे वाहनबदलाचे नियम बघा. उंची बदलली तर हेडलाइटचा झोत पुन्हा लावावा लागतो, आणि काचेमागं कॅमेरा असलेल्या गाड्यांत तोही पुन्हा जुळवावा लागतो.

म्हणजे क्रम असा धरा: ब्रेक ऑइल आणि पॅड, मग शॉकअप, माउंटिंग आणि बुश एकाच वेळी, त्यानंतर कॅम्बर बोल्ट आणि अलाइनमेंट. नवे शॉकअप शंभरेक किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा ठरलेल्या टॉर्कला तपासून घ्या. मग एक ट्रॅक दिवस करा, खडू आणि वही घेऊन. मागचा बार आणि स्प्रिंग यांचा विचार त्या दिवसानंतर. पुढच्या टायरच्या आजच्या कडांचा फोटो आत्ताच काढून ठेवा, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्याच जागेचा दुसरा काढा. दोन्ही मला पाठवलेत, आणि सोबत गरम टायरचे आकडे, अलाइनमेंटचा कागद आणि पत्नीचा निकाल एका वाक्यात लिहिलात, तर स्प्रिंगांबद्दल तेव्हा नेमकं सांगता येईल.